सविताआजींची न उमटणारी बोटे

मी एक जुना पास आहे. जुना म्हणजे किती? दोन वर्षांचा. हसू नका, मित्रांनो. परदेशातून सिंगापूरला राहायला आलेल्या माणसाला इथे राहण्याची परवानगी आहे, हे सांगणारे प्लास्टिकचे कार्ड म्हणजे मी. माझे आयुष्य मुळातच छोटे. त्यात माझ्या वाट्याला सविताआजी आल्या, आणि मी मुदतीच्या आधीच झिजलो.

आम्ही सगळे पास एकाच मापाचे. पुढे फोटो, नाव, क्रमांक. फोटोत हसायचे नाही, चष्मा घालायचा नाही. बोटांचे ठसे द्यायचे, ते उमटले की पास छापायचा. यात अवघड काय आहे? पण सविताआजींचे ठसे उमटेनात!

आजी पुण्याच्या. लेक मीनल इथे अकाउंटंट, जावई प्रबोध जुरोंग आयलंडवर इंजिनियर, नात गार्गी नऊ वर्षांची. आजोबा गेल्यावर मीनलने आईला मरीन परेडच्या आपल्या फ्लॅटमध्ये बोलावून घेतले. परवानगीचे पत्र आले, पण त्याला मुदत होती. मुदतीत ठसे दिले नाहीत, तर आजींना परत जावे लागणार होते. पुण्याचे घर तर रिकामे करून झालेले.

पुढची हकीकत माझ्या जन्माआधीची. पण मीनलने ती फोनवर इतक्या जणांना ऐकवली की मला पाठ झाली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, प्रेस हार्डर." आजींनी काचेवर अंगठा दाबला. लाल दिवा. पुसून दाबला. लाल दिवा. तर्जनी, मधले बोट, दुसरा हात, सगळीकडे तेच. मागे रांग वाढत होती.

"आई, नीट दाब ना गं!" मीनल वैतागली. "एवढं साधं जमत नाही का?"

"दाबतेय गं. माझंच काहीतरी चुकत असेल," आजी म्हणाल्या.

आठवड्याने पुन्हा या, असे सांगण्यात आले. मग घरात बोटांची बडदास्त सुरू झाली. क्रीम लावायचे, हातमोजे घालायचे, भांड्यांना हात लावायचा नाही. आणि आजींना तर रिकामे बसवत नाही! तिसऱ्या दिवशी त्या साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून कढई घासताना सापडल्या. मीनल संतापली. प्रबोधने नवी क्रीमची बाटली आणली. दुसऱ्या खेपेला दहा बोटांपैकी दोन अर्धवट उमटली. एका वरिष्ठ साहेबांनी काहीतरी शेरा लिहिला आणि एकदाचा मी छापला गेलो.

या सगळ्या खटाटोपात ठसे गेले कुठे, हे मात्र आजींना एकानेही विचारले नाही.

माझे कामाचे दिवस कसे गेले म्हणता? मी राहण्याचा पास, प्रवासाचा नव्हे. तरी आजी बसमध्ये चढल्या की मलाच यंत्राला टेकवायच्या. यंत्र गप्प, ड्रायव्हर गप्प, आजी हसून पुन्हा टेकवणार. आठवड्यातून दोनदा! पण खरा कहर झाला तो गार्गीला शाळेसाठी वही बनवायची होती तेव्हा. आजींनी कागद दुमडला, इकडेतिकडे पाहिले, पाकिटातून मला काढले आणि माझ्या कडेने घडीवरून सर्रकन रेघ ओढली.

"आजी, कॅनॉट लाह!" गार्गी इथल्या ढंगात ओरडली. "इट्स युअर पास! स्पॉइल होईल!"

"होत नाही काही. छान टणक आहे हा," आजी म्हणाल्या.

अहो, मी सरकारी कागदपत्र आहे! पण ऐकतो कोण? त्या दिवसापासून गार्गीच्या मैत्रिणींच्याही वह्या झाल्या. माझी कड झिजली, फोटोतल्या आजी फिकट होत गेल्या. मी मनातल्या मनात चरफडत होतो.

मग यंदा मार्चमध्ये आजींची थोरली बहीण गेली. आजी एकट्याच पुण्याला गेल्या आणि तेराव्यानंतर एकट्याच परतल्या. विमानतळावरच्या स्वयंचलित दारापाशी अंगठा ठेवायला सांगितले. लाल दिवा. पुन्हा. लाल दिवा. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून यंत्राला त्यांचे डोळेही ओळखू येत नव्हते. शेवटी शिपायाने त्यांना बाजूच्या खोलीत बसवले. माझा घासलेला चेहरा पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आजींना परत पाठवले तर? त्या कुणाकडे जाणार?

डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक पन्नाशीच्या अधिकारी आल्या. त्यांनी मला उलटसुलट पाहिले, मग आजींकडे पाहिले.

"आंटी, बिफोर, व्हॉट वर्क यू डू?"

आजी क्षणभर गोंधळल्या. शेजारी मीनल नव्हती. मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा फॉर्म उचलला, टोकाला टोक जुळवले आणि अंगठ्याने एकदाच दाबून घडी घातली. सुरीने कापल्यासारखी सरळ.

"बुक," आजी म्हणाल्या. "पेपर फोल्ड. प्रेसमध्ये. थर्टी-वन इयर."

एकतीस वर्षे आजी बाइंडिंगच्या कारखान्यात छापील फर्मे, म्हणजे पुस्तकाची पाने असलेले मोठे कागद, दुमडत होत्या, पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होत्या. रोज हजारो घड्या. बोटांवरच्या रेषा त्या कागदांनी पुसून नेल्या होत्या.

बाईंनी आजींचा हात हातात घेऊन दिव्याखाली धरला. "माय मदर सेम," त्या म्हणाल्या. "रबर ट्री, एव्हरी डे. नो फिंगरप्रिंट." मग त्यांनी पासपोर्ट तपासला, जुनी नोंद काढली, शेरा वाचला आणि म्हणाल्या, "नेक्स्ट टाइम नो मशीन. स्ट्रेट कम काउंटर, ओके?"

एवढेच! एवढी क्रीम, हातमोजे, लाल दिवे, आणि उत्तर एवढेच!

बाहेर मीनल कासावीस होऊन उभी होती. "आई, तासभर काय करत होतीस? फोन करायचास! मी बोलले असते त्यांच्याशी."

"बोलले की मी."

"काय बोललीस?"

आजींनी सांगितले. मीनलचा हात ट्रॉलीवरच थबकला. "तुझे ठसे कागदांनी गेले?"

"मग कशाने जाणार? तुम्ही विचारलंत कधी?"

मीनल खाली बघत म्हणाली, "लहानपणी मी तुला वेणी घालू द्यायचे नाही. हात खरखरीत लागतात म्हणायचे."

"हो. मग शेजारच्या काकूंकडे जायचीस," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला मात्र आला. एकतीस वर्षे पुस्तके बांधणाऱ्या बाईला 'एवढं साधं जमत नाही का' म्हणायचे?

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझी मुदत संपली, नवा पास आला. माझी विनंती एवढीच, की कुणाचा हात यंत्राला ओळखू आला नाही, तर 'नीट दाबा' म्हणण्याआधी त्या हाताने आजवर काय केले, ते विचारा. विचारायला यंत्र लागत नाही.

रद्द झालेला पास कापून टाकायचा असतो. आत्ता प्रबोध कात्री घेऊन आला आहे. त्याने मला तिरके धरले आहे, आणि कात्रीही वाकडी. आजींनी त्याच्या हातातून मला काढून घेतले.

"द्या इकडे," त्या म्हणत आहेत. "तुम्हाला सरळ कापता यायचं नाही."