सात-आठ खलाशी

रविवारची दुपार होती. खाडीकाठच्या सारसोळे गावात धर्मराजशेठांच्या घरी त्यांची बायको पुतळा खाली बसून बोंबील साफ करत होती आणि तिची मुलगी भाविका जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. घर चार मजल्यांचे. वरचे मजले भाडेकरूंना दिलेले, तळमजल्यावर घरची माणसे. धर्मराजशेठांच्या दोन मोठ्या बोटी, गावातल्या बाकीच्यांच्या बोटींसारख्याच, उरणच्या बाजूच्या बंदरातून खोल समुद्रात जायच्या. ते काम आता त्यांचा मुलगा रूपेश बघत असे.

भाविका इतिहासात एम.ए. करत होती. तिने प्रबंधाला विषय घेतला होता मोरोंचा. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे हे मुसलमान दर्यावर्दी. स्पेनला त्यांनी तीनशे वर्षे दाद दिली नाही, आणि पुढे अमेरिका आली तेव्हा तिच्याशीही ते लढले. हा विषय तिला सुचला तो वडिलांमुळेच. नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी गेल्या, त्या वेळी तरुण धर्मराज रस्त्यावर बसले होते. खांद्यावर लाठी बसली होती. तो खांदा थंडीत अजून दुखत असे. कुठल्याशा लांबच्या बेटांवरची माणसेही अशीच आपल्या पाण्यासाठी लढली, हे ऐकून ते खूश व्हायचे. जेवताना रोज विचारायचे, की आज तुझ्या मोरोंचं काय झालं?

त्या दुपारीही त्यांनी विचारले. भाविकाने सांगितले, की दुसरे प्रकरण अवघड जात आहे. हेच मोरो दरवर्षी वारा अनुकूल झाला की बोटी घेऊन उत्तरेच्या किनाऱ्यांवर जात, तिथल्या गावांतली माणसे धरून आणत. ती माणसे वल्ही मारत, मोत्यांसाठी बुड्या घेत, नाहीतर विकली जात. आज धरून आणलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्यांना धरायला निघालेल्या बोटीवर वल्ह्याला बसवला जाई.

धर्मराज ताठ बसले. “या सगल्या स्पेनवाल्यांनी लिवलेल्या गोष्टी. ज्याचं पानी घ्यायचं त्याला आदी चोर म्हनायचं. आमाला पन तेच म्हनले.”

भाविकाने मान्य केले, की बाबा निम्मे बरोबर बोलतात. स्पेनने मोरोंची गावे जाळली आणि त्यांनाच चाचे म्हटले. पण पळून सुटलेल्या माणसांनी स्वतः दिलेल्या जबान्याही आहेत, त्या कशा पुसायच्या? दोन्ही खरे आहे, असे ती म्हणाली. धर्मराजांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. बाहेर एक बारीक, काळीसावळी बाई उभी होती, खांद्याला कापडी पिशवी. नाव बुधी. जव्हारच्या पुढच्या एका पाड्यावरून ती पहाटे निघाली होती आणि विचारत विचारत इथवर पोचली होती.

“माझा घरवाला नवश्या तुमच्या बोटीवर हाय,” ती म्हणाली. “त्याला घरी धाडा.”

मुकादमाने दिवाळीला परत सोडतो असे सांगून त्याला नेले होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोन लागत नव्हता. इतक्यात रूपेश बंदरावरून आला. त्याने उभ्या उभ्याच तिला सांगितले, की बोट समुद्रात आहे, हंगाम संपला की येईल तुझा माणूस. बुधी हलली नाही. मुकादम दिवाळीला हेच बोलला होता, एवढेच ती म्हणाली. शेवटी पुतळाने सुक्या बोंबलाची पिशवी तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतले.

नवश्याचा फोन का लागत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. हंगाम सुरू झाला की खलाशांकडून काढून घेतलेले फोन टीव्हीखालच्या खणात येऊन पडायचे. सुरुवातीचे काही दिवस खण वाजायचा. पुतळा टीव्हीचा आवाज वाढवायची. मग बॅटऱ्या संपायच्या आणि आवाज बंद व्हायचा. भाविका याच आवाजात अभ्यास करून पदवीधर झाली होती. आपण कधी उठून एकही फोन उचलला नाही, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा जाणवले.

तिने रूपेशला खोदून विचारले. त्याने काही लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतच नव्हते. बोट मासळी उतरवायला बंदरात येते, पण खलाशांना खाली उतरू देत नाहीत. एक बोट दुरुस्तीला लागली तर तिची माणसे समुद्रातच दुसऱ्या बोटीवर चढवतात. उतरू दिले तर पळतात, मग बोट कोण चालवणार?

“बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?” तिने विचारले.

“पोटभर जेवतात. दुखलं-खुपलं तर गोली देतो. घरातल्यासारखी ठेवलेत.”

“घरातल्या माणसाला खाली उतरायला बंदी नसते, बाबा.”

धर्मराज उठून आतल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले.

दुसऱ्या दिवशी भाविका पोलीस चौकीत गेली. तिथे कळले, की बंदर आपल्या हद्दीत नाही. बंदराजवळच्या चौकीने सांगितले, की माणूस समुद्रात असेल तर मासेमारीच्या कचेरीत जा. त्या कचेरीतल्या साहेबांनी हा कामगारांचा विषय आहे म्हणून तिसरीकडे पाठवले. आणि तिथल्या बाईंनी अगदी गोड आवाजात समजावले, की तक्रार कामगाराने स्वतः करायला हवी, त्याला घेऊन या. जो माणूस बोटीवरून पाय खाली टाकू शकत नव्हता, त्याला घेऊन या!

तिच्या मार्गदर्शक नंदिनी मॅडम कोपरखैरण्याला राहत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, कॉफी दिली आणि सल्ला दिला, की घरचे प्रकरण आणि प्रबंध यांची गल्लत करू नकोस. तोंडी परीक्षा जवळ आली आहे. बाहेरच्या परीक्षकांना हे आवडणार नाही. भाविकाने कॉफी तशीच ठेवली.

मग एक दिवस तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. माणसाने आपले नाव सुधीर सांगितले. कुठल्या कचेरीतून त्याला तिचा नंबर मिळाला, हे त्याने सांगितले नाही. बंदराच्या कडेला मोठे हॉटेल आणि क्लब उभारू पाहणाऱ्या कंपनीचा तो माणूस होता. त्याने वकील देऊ केला, गाडी देऊ केली, पत्रकाराशी गाठ घालून देतो म्हणाला. तक्रारीत फक्त एवढे यायला हवे होते, की त्या बंदरातल्या सगळ्याच बोटींवर असे चालते. म्हणजे बंदरच बंद करायला सरकारला सोपे जाईल.

भाविकाच्या डोळ्यांपुढे तिच्याच प्रबंधातले पान आले. अमेरिका गुलामांना सोडवते म्हणत मोरोंच्या बेटांवर उतरली. आणि थोड्याच वर्षांत, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात आसऱ्याला गेलेल्या शेकडो मोरोंना तिच्या सैन्याने बायकापोरांसकट मारले.

“सुधीरसाहेब, तुम्हाला खलाशी नकोत, जेट्टी पाहिजे,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ठेवला खरा, पण मग तिला रडू फुटले. इतक्या दिवसांत मदत करायला पुढे आलेला हा एकच माणूस, आणि तो असा! घरचे म्हणत होते गप्प बस, कचेऱ्या म्हणत होत्या दुसरीकडे जा, आणि जो ये म्हणत होता त्याला तिच्या गावाचा घास घ्यायचा होता. तिने हे सगळे संतापाने आईला सांगितले. पुतळा भाकऱ्या थापत होती. तिने सगळे ऐकले आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी मात्र ती नेसून तयार होऊन दारात उभी राहिली. “चल. आज बोट बर्फ भराला येनार हाय,” म्हणाली. जाताना तिने टीव्हीखालचा खण उघडला आणि सगळे फोन पिशवीत भरले.

बंदरावर बर्फ फोडण्याचा आवाज चालू होता. रूपेशने आईला पाहिले आणि धावत आला. आये, घरी जा, लोक बघतायत, असे तो दबक्या आवाजात सांगू लागला. पुतळा त्याला ओलांडून धक्क्याच्या काठापर्यंत गेली.

“नवश्या कोन हाय? खाली उतर.”

बोटीवर कोणी हलले नाही. बोट चालवणाऱ्या तांडेलाने रूपेशकडे पाहिले.

“त्याच्याकडं काय बघतोस?” पुतळा तांडेलाला म्हणाली. “बोट सरकारदरबारी माज्या नावावर हाय. मी सांगतंय.”

जाळ्यांच्या ढिगामागून एक माणूस उठला. उजव्या हाताला चिंध्या बांधल्या होत्या, आणि तो जवळ येताच हात सडला आहे हे वासावरून कळले. जाळे ओढायच्या यंत्रात बोटे सापडली होती. गोळ्या दिल्या होत्या. फळीवरून उतरताना त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. भाविकाने त्याला धरले. पुतळाने बाकीच्यांनाही हाक दिली, ज्याला यायचे त्याने यावे, फोन घेऊन जावा. ते तांडेलाकडे पाहत उभे राहिले. एकही पुढे आला नाही.

इस्पितळात नवश्याची दोन बोटे काढावी लागली. निरोप मिळून आलेली बुधी त्याला घेऊन पाड्यावर गेली. जाण्याआधी त्याने तक्रारीवर अंगठा उठवला. सही करायचा, पण तोच हात गेला होता.

गावात भाविकाचे नाव खराब झाले. शेजारच्या राजाबाईंनी तोंडावर सांगितले, की तू बिल्डरच्या हातात काठी दिलीस पोरी, उद्या जेट्टी गेली की आम्ही तुझ्या दारात येऊ. भाविकाला त्यांचा राग आला नाही. ही भीती तिचीही होती. पण जेट्टी आपली राहावी म्हणून नवश्याने बोटे द्यायची, हे तिला पटत नव्हते, आणि हे नीट कसे सांगावे तेही तिला सुचत नव्हते.

अखेर चौकशीला अधिकारी आले. धर्मराजांनी त्यांना बसवले, पुतळाने पाणी दिले. अधिकाऱ्यांनी विचारले, की दुसऱ्या बोटीवर किती माणसे आहेत, नावे काय? धर्मराजांनी रूपेशकडे पाहिले. रूपेशने खांदे उडवले.

“असतील सात-आठ,” धर्मराज म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तेवढे लिहून घेतले. खुशीत आहेत ना सगळे, असे विचारले, तेही लिहून घेतले, आणि रूपेशने बांधून दिलेले पापलेट घेऊन ते गेले. भाविका दारात उभी होती. वडिलांनी किती तरी दिवसांनी तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, पण तो नेमका कोणावर होता हे तिला कळले नाही. कदाचित त्यांनाही कळत नसेल.

आठवड्याच्या शेवटी दुसरी बोट आली, तेव्हा भाविका बंदरावर होती. आईने दिलेली फोनची पिशवी तिच्या हातात होती. या वेळी रूपेशने बोट धक्क्याला लावू दिली नाही. बर्फ लहान होडीतून नेला. खाली उतरा म्हणून ओरडून उपयोग नव्हता. मग ती काठावर जाऊन मोठ्याने ओरडली, “तुमची नावं सांगा. नाव आणि गाव.”

बोटीवरची माणसे आधी एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाने तोंडाभोवती हात धरून आपले नाव सांगितले. भाविकाने ते परत मोठ्याने उच्चारले. त्याने मान हलवली. दुसऱ्याने सांगितले. तिसऱ्याने नावाबरोबर बापाचेही नाव सांगितले. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

तांडेलाने इंजिन चालू केले. अजून माणसे ओरडत होती, त्यांची तोंडे हलताना दिसत होती, पण शब्द पोचत नव्हता. बोट वळून निघून गेली. भाविका धक्क्याच्या टोकापर्यंत धावली, आणि मिळालेली नावे विसरू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत तिथेच उभी राहिली.