कूलंटनंतरचं सेंट

शुक्रवारी सकाळी भीमराज न्हाणीतून बाहेर आले आणि संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत कोणी हिरवळ कापल्यासारखा वास सुटला. चाकणच्या कंपनीत चौतीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. अंगाला मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट कूलंटचा वास कायमचा मुरलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेंट मागवलं, तेही गवत, काकडी आणि टोमॅटोच्या पाल्याच्या वासाचं.

"कसा येतोय गं वास, भाग्यश्री?"

लेकीनं पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "मंडईत जाऊन बसा, पप्पा. जुडीला दहा रुपये येतील."

"लावा अजून," त्यांची बायको चतुराबाई आतून म्हणाल्या. "म्हशी मागं लागतील."

भीमराज खूश होऊन हसले. शनिवारी पहाटे ते झोपेतच गेले.

कंपनीची शिस्त त्यांनी घरातही आणली होती. सगळे द्रव एकसारख्या फवाऱ्याच्या बाटल्यांत भरलेले, आणि नाव बाटलीवर नाही, फळीवर लिहिलेलं: 'काच', 'डास', 'सेंट'. मयतीला आलेल्या बायकांनी फळ्या पुसल्या आणि बाटल्या हाताला येतील तशा परत ठेवल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आदरांजलीच्या कार्यक्रमाला, विहारात डास फार होते. धाकट्या मुलानं, धम्मरत्ननं, 'डास' लिहिलेल्या फळीवरची बाटली नेली आणि चाळीस खुर्च्यांखाली मन लावून रिकामी केली.

भीमराजांच्या शेजारच्या मशीनवरचे दत्तोबा आत आले आणि दारातच थबकले. "राव, भीमराज आला काय?"

"दत्तोबा, त्याचाच कार्यक्रम आहे," कोणीतरी म्हणालं.

"ठाऊक हाय मला! पण रोज बागेत असाच घमघमत यायचा की!"

मागे एका मावशीनं पोटरीवर चापट मारली. "डास मरायचे सोडून ताजेतवाने झालेत."

चतुराबाईंनी हुंगलं. "मेल्या, बापाचं सेंट डासांना पाजलंस?" म्हणाल्या आणि आठवड्यात पहिल्यांदा पदर तोंडाशी धरून हसल्या.

भाग्यश्री मात्र खुर्चीखाली वाकली होती.

"काय हरवलं, ताई?" धम्मरत्ननं विचारलं.

"कानातलं," तिनं थाप मारली आणि पुढच्या खुर्चीखाली वाकली. तिथं वास जास्त दाट होता. पाणी मारलेल्या वाफ्यासारखा, गार. या वासाला नाकं मुरडणारी बाई आपणच का, असं तिला वाटलं. अजून तीन खुर्च्या हुंगून झाल्या तेवढ्यात आदरांजलीसाठी माईकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

हातात चार पानं होती, रात्रंदिवस घासूनपुसून लिहिलेली. कष्ट, शिस्त, स्वाभिमान, सगळं त्यात होतं. पण पप्पांनी तिला शेवटचा जो साधा प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर एकाही पानावर नव्हतं.

माईक शिटी मारून गप्प झाला. तिनं पानं दुमडली.

"पप्पा," ती म्हणाली, "छान येत होता वास. फार छान येत होता."