लोळणबुवा

"आई गं!" तो जिवाच्या आकांताने ओरडला आणि मग हेडफोन जरा सरकवून कान खाजवला.

काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शकाने बटण दाबलं.

"छान होतं, दादा. परत घेऊ."

छान होतं तर परत कशाला, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दिग्दर्शक वयाने लहान, आणि वयाने लहान माणसं 'दादा, दादा' करत जीव काढतात, एवढं तो या धंद्यात शिकला होता. कोमट पाण्याचा घोट घेऊन तो उंच स्टुलावर नीट टेकला. उजवा पाय सरळच ठेवला. स्टूल त्याने मागून घेतलं होतं. बसून आवाज मोकळा लागतो म्हणे! उभं राहूनच लागतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण उद्याच्या हिरोला कोण बोलणार?

पडद्यावर पुन्हा तो गोदामाच्या माळ्यावरून पळत आला. पोत्यांच्या थप्पीवर उडी, थप्पीवरून फरशीवर, आणि उजवा पाय अंगाखाली वेडावाकडा दुमडून तो पालथा पडला. तोंड जमिनीकडे. त्यामुळेच तर वरून हवा तो आवाज चिकटवता येत होता.

"आई गं!"

"वरवरचं वाटतंय, दादा. इथे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, की ह्याला दुखतंय. आत्ता नुसता पडलेला दिसतो."

नुसता पडलेला! त्याला हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी गुडघ्यात काहीतरी तुटलं तेव्हा ओरडणं त्याला सुचलंच नव्हतं. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या आणि तोही कपडे झटकत हसत उठला. पडलो तरी नाक वर. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा आणि मग लांबलचक विश्रांती घ्या, नाहीतर जन्मभर लंगडाल. ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला 'जरासा मुरगळलाय' एवढंच. निर्मात्याला तेवढंही नाही.

निर्माते दिग्दर्शकाच्या मागे खुर्चीत रेलून बसले होते. त्यांचा पुढचा सिनेमा सोमवारी सुरू व्हायचा होता. पळापळ, उड्या, मारामाऱ्या, सगळं त्यानेच करायचं होतं, आणि पोस्टरवर सगळ्यांच्या वर एकट्याचं नाव. आजचं डबिंग उरकलं की हात मिळवायचा. त्यांच्याकडे तीच पद्धत होती. एकदा हात मिळवला की झालं, आणि मिळवून मोडणाऱ्याला ते पुन्हा दारात उभं करत नसत.

त्याला तो सिनेमा हवा होता. फार हवा होता. बारा वर्षं तो मोठ्या क्लबातून फुटबॉल खेळला, गोल केले, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर त्याचं पडणं. कोणाचा नुसता वारा लागला तरी तो गोलासमोर आडवा व्हायचा आणि असा काही गडाबडा लोळायचा, अशी बोंब ठोकायचा, की पंचांचा हात आपोआप शिट्टीकडे जाई. लोकांनी नाव ठेवलं लोळणबुवा. समोरच्या संघाचे लोक ठेवतील तर समजू शकतं, आपलेच लोक गॅलरीत गाणं म्हणायचे त्यावर! सिनेमातही त्याला घेतलं ते ह्याच गुणावर. याला अभिनय शिकवायला नको, हा मैदानातूनच शिकून आलाय, असं पहिल्या दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मग वर्षानुवर्षं गुंड होऊन कुठल्या ना कुठल्या हिरोचा ठोसा खाऊन पडणं. आता वर एकट्याचं नाव आलं असतं, तर ते दुसरं नाव पुसलं गेलं असतं. तो थकला होता. पडून पडून थकला होता.

काचेपलीकडचं दार उघडलं आणि त्याची बायको आत आली. निर्मात्यांनी अर्धवट उठून "या वहिनी, बसा" केलं. ती सोफ्यावर टेकली. समोरच भिंतीवर छोटा पडदा होता. त्यावरही त्याचं तेच पडणं दिसत होतं.

"अगं, तू जा ना पुढे," तो माइकमध्येच म्हणाला. "पोरीला शाळेतून आणायचंय."

तिने बटणापाशी वाकून उत्तर दिलं, "तुझी आई गेलीये आणायला. तुझं चालू दे."

पिशवीतून तिने पोरीचा शाळेचा स्कर्ट काढला. पोर भराभर वाढत होती आणि ही दर वर्षी दुमडलेली पट्टी उसवून खाली सोडत होती. सुईत दोरा ओवून तिने मान खाली घातली.

ती मान त्याला चांगली ओळखीची होती. मॅचला यायची तेव्हाही ही काही ना काही काम घेऊन यायची. तो कोसळला, बोंबलला, सगळी गॅलरी उभी राहिली, तरी हिचं विणकाम चालूच. एकदा कोचच्या बायकोने न राहवून विचारलं होतं, "तुमच्या जिवाला काही वाटत नाही का हो?"

"ओरडतोय ना?" ही म्हणाली होती. "मग ठीक आहे."

एकदाच तो ओरडला नव्हता. घोटा मोडला होता. तोंड गवतात खुपसून, मुठींनी गवत उपटत तो गप्प पडला होता, आणि पंचांना वाटलं, लोळणबुवा दमला आज. स्ट्रेचर यायच्या आधी ही मैदानात जायच्या वाटेवर येऊन उभी होती. लोकरीचा गुंडा पायऱ्यांवरून घरंगळत पार खाली गेला होता.

म्हणजे आता ओरडत राहायला हवं होतं. ओरडतोय तोवर ती मान वर करणार नव्हती.

"आई गं!"

"अजून, दादा."

"आई आई गं!"

"हे जरा जास्त झालं."

निर्माते हसले. "लोळणबुवा जागा झाला!"

तिची सुई चालली होती. टाका, दोरा ओढणं, टाका. पडद्यावर तो पुन्हा पुन्हा पळत येत होता आणि त्याच पायावर पडत होता. दर वेळी खऱ्या गुडघ्यातून कळ उठायची, जणू पायालाही तो पडदा दिसत होता. घसा बसत चालला. पाणी पिऊन त्याने खाकरून पाहिलं.

"रेडी?"

पडद्यावर तो पळाला, उडाला, पडला. त्याने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

काचेपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. तिची सुई थांबली. तिने मान वर केली आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे तो पालथा पडला होता, न ओरडता, आणि त्याची बोटं फरशीवर काहीतरी उपटू बघत होती, जे तिथे नव्हतंच.

ती उभी राहिली. स्कर्ट मांडीवरून खाली पडला.

दिग्दर्शकाचा हात बोलायच्या बटणावर तसाच राहिला होता, म्हणून पुढचं सगळं त्याच्या कानात आलं.

"काय झालं, वहिनी?" निर्मात्यांनी विचारलं. "पाय-बिय ठीक आहे ना ह्याचा? सोमवारपासून पळवायचाय मला."

तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. मग स्टुलाकडे. मग सरळ ठेवलेल्या पायाकडे.

"त्यालाच विचारा," ती म्हणाली. "मी दोरा संपला म्हणून उठले."

सुईला वीतभर दोरा लोंबत होता. ती खाली बसली, स्कर्ट उचलून मांडीवर घेतला, पण टाका घातला नाही. उभ्या आयुष्यात तिने कधी सोंग केलं नव्हतं. आज केलं, आणि ते तिला मुळीच जमलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, शेवटचं," दिग्दर्शक म्हणाला. "मग सुट्टी."

पडद्यावर तो पळत आला. उडी. पोती. फरशी. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, काचेकडे पाहिलं.

"दुखतंय गं," तो म्हणाला. अगदी हळू. "खूप दुखतंय."

पलीकडे दिग्दर्शक खुर्चीतून उसळला.

"हेच! अरे, हेच हवं होतं मला! काय दिलंत, दादा! त्या 'गं'ने तर काळीज चिरलं, साक्षात आईला सांगतोय असं वाटलं!"

निर्माते टाळ्या वाजवत उठले. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. स्कर्ट सुईसकट पिशवीत कोंबून ती बाहेर पडली, आणि पाठोपाठ आतलं जड दार खांद्याने ढकलत त्याच्यापाशी आली. ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, जरा वाकून. त्याने उजवा हात तिच्या खांद्यावर टाकला आणि स्टुलावरून उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने अंगाचा सगळा भार दुसऱ्या कोणावर टाकला. ती थोडी दबली, मग नीट उभी राहिली.

"किती दिवस झाले?" तिने हळूच विचारलं.

"घरी सांगतो."

दारातच निर्माते हसत हसत आडवे आले.

"मानलं तुला! मग सोमवारी?" त्यांनी हात पुढे केला.

त्याने त्या हाताकडे पाहिलं. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर होता. तिने मान वळवली नाही, खांदाही हलवला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "माझा हात मोकळा नाही."

आणि त्याने तो खांद्यावरून काढला नाही.