दुप्पट कडता

हसनैन मापारी, त्यांचे चिरंजीव वजीर आणि वजीरांचे जहीर, अकोल्याच्या आमच्या जिनिंग कारखान्याचा वजनकाटा या तिघांनी एकामागून एक सांभाळला. जहीरचा शाकीब अमरावतीस संगणक शिकून आला आणि त्याच काट्यापाशी बसू लागला. घराणे पाहून संशय बाजूला ठेवणारी बाई मात्र मी नव्हे.

दोन हजार चारचा हंगाम होता. खात्यावर चढलेला कापूस गाठी आणि सरकी मिळून भरत नव्हता. गावोगावच्या शेतकरी-आत्महत्यांच्या बातम्या रोज कानी येत. अशा दिवसांत चोरीला कारण शोधावे लागत नाही.

"आजी, काट्याचा नवा प्रोग्राम शाकीबनंच लिवला," नातू बंडू म्हणाला. "आत हात दुसरं कोन घालीन? उद्या ठाण्यात जातो मी."

"मी सांगीन तवा जाशीन."

त्याची घाई मी मनात नोंदवून ठेवली. संगणक उघडण्याचा परवलीचा शब्द त्यालाही ठाऊक होता.

वजनाचे गणित माझे दीर जानराव यांनी पास्कल नावाच्या संगणकी भाषेत लिहिले होते. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे, आणि माती-कचऱ्यापोटी दर गाडीमागे ठरलेला कडता कापायचा. जानराव वारल्यावर त्या गणितास कोणी हात लावू नये, असा माझा हुकूम होता. म्हणून शाकीबने नवा प्रोग्राम सी या दुसऱ्या भाषेत लिहिला आणि जुने गणित त्याला जोडून घेतले.

मी अंगणात खुर्ची मांडली. नव्या काट्यावर तोललेली एक बैलगाडी आणि एक मेटॅडोर माझ्यासमोर रिकामी करवली आणि तोच कापूस जुन्या तराजूवर गाठोड्यागाठोड्याने तोलवून त्यातून कडता कापला. शाकीब भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो पळाला नाही.

दोन्हीकडे संगणकाने कापूस जास्त दाखवला होता, आणि दोन्हीकडे सारखाच जास्त.

"बंडू, बैलगाडीतून आन् मेटॅडोरमधून चोर सारखंच नेईन का?"

शाकीब भिंत सोडून पुढे आला.

"बाई, हे कडत्याच्या बरोब्बर दुप्पट आहे."

तो आत जाऊन बसला. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. विश्वास अजून बसला नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"जानराव काकाची पास्कल आन् माही सी, दोघी आकडे उलट्या क्रमानं देतेत-घेतेत. जोडतानी ते सांगा लागते, म्या नाई सांगितलं. म्या भरली गाडी पयले धाडली, तिनं रिकामी समजून घेतली."

"मंग वजन उणं आलं असन."

"आलं होतं. कापूस उणा कसा असन, म्हून म्या वजाचं चिन्ह काढून टाकलं. पन कडता त्या उण्यातच पडला होता. कापाच्या जागी तो वाढून गेला."

"चिन्ह काढायच्या आंधी इचारलं काऊन नाई?"

"तुमी काकाच्या लिखाणाचं नावही काढू देत नोयत्या, बाई."

हे उत्तर मला आवडले नाही. खोटेही म्हणता येईना.

बंडू म्हणाला, "मंग याच्या पगारातून कापू. नाई तं शेतकऱ्यायच्या पुढच्या गाडीतून."

"कोनाचंच कापाचं नाई. कडता बसवला तवा कापूस मातीसंगं येत होता. लोकं सोच्छ वेचून आनू लागले, तरी आपला कडता चालूच. थो कापूस त्यायचाच होता."

"आजी, जिनिंग बुडन."

"बुडली तं माह्या नावानं बुडन. शाकीब, जोड नीट कर. पन कडता वाढूनच राहू दे. नाहक घेतला तेवढे हंगाम द्याचा."

बंडू महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. ठाण्यात मात्र गेला नाही.

परवा परतफेडीच्या अखेरच्या हंगामाची अखेरची गाडी नांदगाव खंडेश्वराहून आली. वाढीव वजनासह तिची पावती निघाली. मग शाकीबने माझ्यासमोर कडत्याच्या जागी शून्य घातले. काट्यावर कोणाचे काही देणे उरले नाही.