ऑस्टिनची माणसं

प्रीतलने टीव्हीवर खेळातल्या गोदामाचं पान उघडलं आणि रिमोट तिच्या हातात तसाच राहिला. धान्य निम्म्याहून कमी झालं होतं. औषधांच्या पेट्या तर जवळजवळ संपल्या होत्या. काल संध्याकाळी तिने स्वतः सगळं बघून खेळ बंद केला, तेव्हा गोदाम भरलेलं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. मागे कोण असणार? भुईगावातल्या त्या घराच्या ओटीवर दुपारचं ऊन आलं होतं. सासूबाई, मार्थाबाई, वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होत्या. फोन टीपॉयवर उताणा पडला होता, आणि तीन दिवस तो वाजला नव्हता.

ऑस्टिन, तिचा नवरा, मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. दोन दिवस फोन लागणार नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. बोट एका चिंचोळ्या समुद्रातून जाणार होती. तिथे दोन बाजूंच्या भांडणात भलत्याच बोटींवर ड्रोन येऊन पडतात, म्हणून तिथून जाताना ठावठिकाणा कळेल असं सगळं बंद ठेवतात. “घाबरायचं नाही हां,” असंही तो म्हणाला होता. म्हणणाऱ्याचं काय जातं? तो बोटीत बसून मोकळा होतो आणि घाबरायचं काम घरच्यांच्या गळ्यात पडतं. आज तिसरा दिवस होता आणि प्रीतलला सकाळपासून घोटभर चहासुद्धा गेला नव्हता.

हा अंतराळातला खेळ ऑस्टिनचाच. सुट्टीवर आला की टीव्हीपुढे मांडी ठोकून बसायचा, जेवायला हाका मारून घसा सुकायचा. जगभरचे लोक तो खेळतात, पण ऑस्टिन एकटाच, ‘सोलो’ खेळायचा. म्हणजे बाकीचे खेळाडू तुम्हाला दिसत नाहीत, तुम्ही त्यांना दिसत नाही. पण तुम्ही जे कराल ते त्याच एका जगात मोजलं जातं. एका कोपऱ्यातल्या ताऱ्याजवळ दोन गट होते, एक बलाढ्य कंपनी आणि एक गरीब खाणवाल्यांचा. ऑस्टिनने खाणवाले धरले. त्यांचा माल वाहायचा, त्यांना धान्य पुरवायचा, रोज थोडं थोडं त्यांचं बळ वाढवायचा. ‘माझी माणसं’ म्हणायचा त्यांना.

“गंमत बघ,” त्याने एकदा तिला शेजारी बसवून सांगितलं होतं. “एक मोठा, एक लहान, तोवर शांतता. दोघांचं बळ सारखं झालं की त्याच संध्याकाळी युद्ध.”

“मग?”

“मग त्यांच्या दोन ग्रहांमधली वाट बंद. मालाची जहाजं जागच्या जागी.”

प्रीतल तशी शहाणी बाई. सकाळी स्कूटरवरून वसईत एका डेंटिस्टकडे कामाला जायची, पेशंटांना भूल देण्याआधी धीर द्यायची. पण ऑस्टिनने त्या समुद्राचं नाव घेतलं त्याच दिवशी तिने मनाशी एक ठरवून टाकलं. खेळातली ती वाट उघडी राहिली, तर याचीही राहील. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी हसलं असतं, आणि हसण्याने ते मोडलं असतं. तेव्हापासून रोज दुपारी कामावरून आली की ती नवऱ्याच्या नावाने, नवऱ्याच्या जहाजातून, नवऱ्याच्या शत्रूंचा माल वाहत होती. कंपनी मोठीच राहायला हवी होती. दोघांत अंतर राहायला हवं होतं.

आणि तरी ते अंतर रोज कमी होत होतं. आधी तिला वाटलं, जगाच्या पाठीवर कुठेतरी दुसरा कोणी खाणवाल्यांच्या मागे उभा आहे. पण आता गोदाम तिचंच रिकामं होत होतं.

तिने शॉनला फोन लावला. शॉन ऑस्टिनचा मावसभाऊ, नायगावच्या टॉवरमध्ये राहायचा, आणि या खेळाचा नाद ऑस्टिनला त्यानेच लावला होता.

“बोला वहिनी. ऑस्टिनचा काय फोन?”

“नाही अजून. शॉन, एक विचारू? सोलोमध्ये आपलं गोदाम दुसरं कोणी रिकामं करू शकतं?”

“चान्सच नाही. सोलोमध्ये आपण एकटेच. तुमच्याच अकाउंटवरून कोणी आलं तर गोष्ट वेगळी. पासवर्ड कोणाकडे आहे?”

“ऑस्टिनकडे. त्याच्या फोनमध्ये असेल.”

“मग झालं तर. तोच खेळत असेल तिकडून,” शॉन हसला. “टेन्शन नका घेऊ.”

पण ऑस्टिनकडे नेट असतं तर त्याने आधी घरी फोन केला असता. मग त्याचा फोन कोणाच्या हातात आहे? प्रीतलच्या डोळ्यांपुढे बोटीवर चढणारी माणसं आली, त्यांच्या खांद्यांवरच्या बंदुका आल्या, आणि डेकवर गुडघ्यांवर बसवलेला ऑस्टिन आला. कोणीतरी त्याचा फोन चाळत होतं. हे असं होत नसतं, पळवणारी माणसं खेळातलं धान्य कशाला वाटत बसतील, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

उरलेली दुपार ती कंपनीचा माल वाहत राहिली. घाईघाईत एकदा जहाज आपटलं, तेव्हा ती मोठ्याने रडली आणि परत निघाली. संध्याकाळी चर्चची घंटा झाली. मार्थाबाई हातपाय धुऊन आत आल्या, क्रुसापुढे मेणबत्ती लावून रोझरीची माळ घेऊन बसल्या. प्रीतल त्यांच्याबरोबर बसली नाही. खेळात दोन्ही गटांच्या बळाचे आकडे रोज संध्याकाळी बदलत, ती वेळ झाली होती.

आकडे बदलले. दोन्ही सारखे झाले. पडदा क्षणभर काळा झाला, मग ती वाट लाल झाली आणि तिच्यावरून सरकणारे मालजहाजांचे ठिपके एकेक करून थांबले.

प्रीतलच्या तोंडून काहीतरी निघालं. मार्थाबाई माळ हातात तशीच धरून उठल्या.

“काय झालं, बाय? जिंकली का आपली मानसं?”

“कोण आपली?”

“ऑस्टिनची. खानवाली.”

प्रीतलने रिमोट खाली ठेवला.

“आई, गोदामातलं धान्य तुम्ही दिलंत?”

मार्थाबाईंनी मान खाली घातली. “तू कामाला गेलीस की द्यायची थोडं थोडं. त्यानेच दाखवलेलं जाताना. दोन बटनं तर दाबायची. म्हनाला, आई, माझ्या मानसांना उपाशी ठेवू नको.” “काल रात्री झोप नाही लागली. म्हनून आज जास्त दिलं. म्हटलं, त्याची मानसं जगली तर...”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू हसली असतीस.”

मग प्रीतलने त्यांना सगळं सांगितलं. बळ सारखं झालं की काय होतं ते, ती लाल वाट, आणि स्वतः मनाशी काय धरून बसली होती तेही. मार्थाबाई ऐकता ऐकता खाली बसल्या.

“म्हनजे लढाई मी लावली.”

प्रीतलच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. त्या क्षणी तिला सासूचा राग आला होता, अगदी खरा. मग तिने त्यांच्या मुठीत घट्ट आवळलेली माळ पाहिली.

“नाही, आई. नुसता खेळ आहे तो.”

“बाप दर्यावर असला की माझी आय चुलीवर पानी ठेवायची,” मार्थाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. “बोट येईपर्यंत उतरवायची नाही. आटलं की परत भरायची. आमी पोरांनी कधी म्हटलं नाही, नुसतं पानी आहे म्हनून.”

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. दोघीही त्याच्याकडे बघत राहिल्या आणि कोणाचाच हात पुढे होईना.

“उचल,” शेवटी मार्थाबाई म्हणाल्या.

“प्रीतल? ऐकू येतंय? अगं, काल रात्रीच बाहेर पडलो आम्ही. बोटीवरचं नेट बिघडलेलं, म्हणून कॅप्टनच्या सॅटेलाइट फोनवरून करतोय.”

प्रीतलने फोन स्पीकरवर टाकला आणि पदर तोंडाला लावून रडत असलेल्या सासूच्या मांडीवर ठेवला. काल रात्री, म्हणजे वाट लाल होण्याच्या कितीतरी आधी. खेळाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, कधीच नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली.

“आई, रडतेस काय? माझी माणसं काय म्हणतात?”

“लढाई लागली रे त्यांची.”

“काय सांगतेस!” तो तिकडे आनंदाने ओरडलाच. “दोन वर्षं राबतोय मी त्याच्यासाठी! कोणी केलं?”

“आईंनी,” प्रीतल म्हणाली.

तो इतका हसला की याही दोघी हसल्या. जेवलास का, वारा आहे का, अशी चार वाक्यं झाली. मग तो म्हणाला, “चला, ठेवतो. पुढच्या आठवड्यात माल उतरवला की परत त्याच वाटेने यायचंय. घाबरायचं नाही हां.”

फोन बंद झाला. मेणबत्ती निम्मी जळाली होती. प्रीतल उठली, टीव्हीजवळ गेली आणि बंद करायला तिने हात पुढे केला.

“थांब,” मार्थाबाई म्हणाल्या. “ही लढाई थांबते कशी?”

“एक बाजू हरली की. मग वाट उघडते.”

“आपली मानसं जिंकायला किती दिस?”

“महिना तरी जाईल. धान्यही थोडंच राहिलंय आता.”

“आनि ती कंपनीवाली?”

“आपण मदत केली तर चार-पाच दिवसांत.”

मार्थाबाई लाल वाटेकडे बघत बसल्या. मग त्यांनी माळ क्रुसापाशी ठेवली, पदराला हात पुसले आणि रिमोट उचलून मांडीवर घेतला.

“त्यांना द्यायचं बटन कुठलं, ते दाखव,” त्या म्हणाल्या. “आनि ऑस्टिनला सांगू नको.”