हिल्केचं राहिलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. हिल्के गेल्याचा रुग्णालयातून फोन आला, तेव्हा तिचा नवरा फोल्कर्ट माझ्यावरची धूळ पुसत होता. त्याने फोन ऐकला, 'बरं' म्हणाला, आणि परत येऊन पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

माझी कामाची सगळी वर्षं नेदरलँड्समधल्या हेग शहरात, एका सरकारी कचेरीत गेली. फोल्कर्ट तिथे परदेशी जाणारे मसुदे लिही. माझ्या कळा हलक्या आहेत, असं तो कौतुकाने सांगे आणि दर शुक्रवारी मला तेल घाली.

एकदा दोन बड्या राष्ट्रांनी अण्वस्त्रांची एक अख्खी जात मोडीत काढायचा करार केला. युरोपातल्या मित्रदेशांना त्यावर मिळून एकच प्रतिक्रिया द्यायची होती आणि मसुदा लिहायचं काम आमच्याकडे आलं. रीत अशी होती, की मसुदा सगळ्या राजधान्यांना पाठवायचा आणि मुदत द्यायची. मुदतीत कोणी बोललं नाही, तर ते मान्य आहे असं धरायचं.

त्या सकाळी घरून निघताना हिल्केने फोल्कर्टला बजावलं होतं. ती अस्त्रं आपल्या देशात येऊ नयेत म्हणून तिने दोन हिवाळे लष्करी तळाच्या कुंपणाबाहेर निदर्शनं करत काढले होते. स्वागत करा खुशाल, पण उरलेली अण्वस्त्रं कधी जाणार तेही विचारा, एवढं एक वाक्य घाल, असं तिचं म्हणणं होतं.

फोल्कर्टने ते वाक्य घातलं. मी ते ठळक उमटवलं. त्याचे वरिष्ठ, ब्रांडर साहेब, वाचून हसले. "लग्नाच्या दिवशीच बारशाची तारीख विचारतोस होय रे?" एखादा देश अडून बसेल आणि काहीच निघणार नाही, असंही त्यांनी समजावलं. फोल्कर्टने कागद काढला आणि वाक्य वगळून नवा टंकला. तो सगळीकडे गेला, आणि दुपारी मुदत संपेपर्यंत एकही राजधानी बोलली नाही. प्रतिक्रिया गेली. साहेबांनी केक मागवला.

संध्याकाळी हिल्केने ती रेडिओवर ऐकली आणि मुकाट्याने वाटाण्याचं सूप वाढलं. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं, असं फोल्कर्टने धरलं. कचेरीची रीत त्याने घरीही लावली.

पुढे संगणक आले. मला भंगारात काढलं, तेव्हा फोल्कर्टने मला सायकलला बांधून घरी आणलं. मग मात्र तेल नाही की शाईची फीत नाही. माझ्यावर जिरेनियमची कुंडी बसली.

गेल्या महिन्यात हिल्के अंथरुणाला खिळली. तिचा पलंग माझ्या खिडकीपाशीच होता.

"ते वाक्य त्यांनी काढलं की तू?" तिने विचारलं.

"मी."

"वाटलंच. तू सांगशील म्हणून थांबले होते."

"तू काही बोलली नाहीस."

"तू कुठे विचारलंस?" मग ती म्हणाली, "आता तरी पाठव. माझ्या नावाने."

तिला रुग्णालयात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोल्कर्टने कुंडी उतरवली, नवी फीत शोधून आणली. पत्र टंकून दुपारी तिला सहीला न्यायचं होतं. फोन त्याआधी आला.

मित्रांनो, यंत्र बंद असलं तरी त्याला अधूनमधून तेल घालत जा. आणि घरातलं माणूस गप्प असलं, तर त्याला एकदा विचारा.

त्या फोनला अकरा दिवस झाले. कागद माझ्या रुळावर आहे. त्यावर तारीख आहे, परराष्ट्रमंत्र्यांचा पत्ता आहे. वाक्य अजून टंकायचं राहिलं आहे.