काचेच्या छतातली झडप

मी एक जुनी झडप, काचेच्या छताच्या अगदी शेंड्याला बसवलेली. माझ्याखाली चौक आहे, भोवती चार मजले दुकानं आणि मधोमध काचेची लिफ्ट. त्या दुपारचा धक्का अजून ओसरलेला नाही, मित्रांनो.

मला घडवलं तेव्हा काम एकच दिलं होतं. काचेतून ऊन येतं, हवा तापते, तापली की वर चढते. वर तिला दार हवं. ते दार मी. रोज सकाळी पक्केमामा वरच्या सज्जात येऊन हँडल फिरवायचे, साखळी कुरकुरायची आणि मी उघडायचे. या इमारतीची डागडुजी तेच करत. त्यांचं काम कधी निखळत नसे, म्हणून सगळे त्यांना पक्केमामा म्हणत. खाली आत पाऊल टाकताच माणसं म्हणायची, "हुश्श! झाडाखाली आल्यासारखं वाटतं." मान वर करून मला कुणी बघत नसे. पण ऐकून मी सुखावायचे.

मग एसी आले.

इमारतीचे साहेब म्हणाले, "मामा, गार हवा वरून पळते. ती झडप कायमची बंद करा."

"अशी करतो साहेब, मुंगी शिरणार नाही!"

मामांनी माझ्या चारही कडांत काळा रबरी लेप भरला, बोटाने चेपून गुळगुळीत केला आणि मिशीतल्या मिशीत हसले. माझं तोंड मिटलं. साखळीवर धूळ चढली.

आणि ती दुपार आली. काचेवर उतरलेलं कबूतर पाय भाजून उडालं, असं ऊन. वीज गेली. एसी थांबले, आणि लिफ्ट माझ्या पायाशीच अडकली. आत एकटी मामांची लेक, सातव्या महिन्याची गरोदर. बापाचा डबा द्यायला आली होती. साऱ्या चौकातली तापलेली हवा वर चढून तिच्याभोवती साचू लागली.

"बाबा, श्वास कोंडतोय हो."

"आलो गं बाळा! खाली बस, घाबरू नकोस."

माणसं हाताने चाक फिरवून लिफ्ट उतरवू पाहत होती. ती बोटबोटभर सरकत होती. मामांनी माझं हँडल धरलं, फिरवलं. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. लेप तसूभर हलला नाही. साखळी तटकन तुटली.

मामा हातातल्या तुकड्याकडे बघतच राहिले. "मीच बुजवली... माझ्या या हातांनी."

"अरे, खालचे सगळे दरवाजे उघडा!" असं ओरडत ते शिडीने छतावर आले. चाकूने लेप कापू लागले. तापलेल्या चौकटीवर गुडघे पोळत होते. तेवढ्यात लेकीचा आवाज थांबला.

"बोल गं! काहीतरी बोल! शिव्या दे बापाला!"

चाकू आणखी जोरात चालू लागला.

शेवटची कड सुटली. त्यांनी खांदा लावून मला उचकटलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा भसकन बाहेर आली आणि धावतच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून क्षीण आवाज आला.

"शिव्या नंतर देते, बाबा. आधी पाणी द्या."

मामा तिथेच उन्हात, माझी चौकट धरून हमसाहमशी रडले.

लेक सुखरूप उतरली. पण इतकी माणसं माझ्याखालून गेली, एकालाही वाटू नये, की ही झडप मुळात होती कशाला? मित्रांनो, काचेचे महाल बांधा खुशाल, एसीही लावा. फक्त तापलेल्या हवेला वर एक वाट राहू द्या. आणि कुठलीही वाट बुजवण्याआधी, ती कुणाच्या श्वासासाठी ठेवली होती, एवढं विचारा.